पांढऱ्याने खेळावे आणि जिंकावे

मला फक्त एक दगड कोरून घ्यायचा होता. सासऱ्यांच्या कबरीवरचा. माणूस गेला की वर्षाच्या दिवशी कबरीवर दगड उभा राहतो, त्यावर वाइन सांडली जाते आणि घरच्या बायका काळे कपडे उतरवतात. आमच्या कुतैसी शहरात हे काम कुणालाही जमतं. माझ्या आधी शेकडो जावयांनी केलं असेल आणि त्यातल्या एकावरही जनरेटर भाड्याने आणायची पाळी आली नसेल.

मी घरजावई आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर खालच्या मजल्यावरचा शुकुरी सांगेल. चोवीस वर्षं मी बायकोच्या बापाच्या घरात राहतो, त्याच्या अंगणातल्या तुतीखाली बसतो आणि पाणीपुरवठा खात्यात कारकुनी करतो. आमच्याकडे घरजावयाला लोक तोंडावर काही बोलत नाहीत. फक्त तो खुर्चीवर बसला की खुर्चीकडे बघतात.

माझे सासरे पार्मेन पोस्टात होते, पण पोस्ट हा त्यांचा जोडधंदा. खरा धंदा बुद्धिबळाचा. खेळायचा नव्हे, रचायचा. पटावर शेवटची आठ-नऊ मोहरी मांडायची आणि त्यातून असा डाव तयार करायचा, की बघणाऱ्याने म्हणावं हे शक्यच नाही, आणि तरीही पांढऱ्याने जिंकावं. अशा एका डावावर त्यांनी अकरा वर्षं घालवली. मग तो एका मोठ्या मासिकात छापून आला, त्याला पदक मिळालं, आणि पदक आमच्या बैठकीत येशूच्या शेजारी टांगलं गेलं. येशू थोडा खाली आहे.

डाव असा. दोन्हीकडे राजा आणि एकेक उंट. पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची दोन. पांढऱ्याचं जास्तीचं प्यादं अडकलेलं, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. सगळी मोहरी एकमेकांच्या उरावर बसलेली. अशा वेळी पांढरा राजा करतो काय, तर पाठ फिरवतो आणि फिरायला जातो. तीन खेळ्यांचा फेरा मारून पुन्हा होता त्याच घरात येऊन उभा राहतो. मोहरी सगळी जिथल्या तिथे. फरक इतकाच, की आता खेळायची पाळी काळ्यावर आलेली असते, आणि काळ्याने काहीही हलवलं तरी त्याचंच घर कोसळतं. नुसतं बसून राहता आलं असतं तर तो वाचला असता. पण बुद्धिबळात बसून राहायची सोय नाही.

“बसून राहायची सोय पाणीपुरवठा खात्यात आहे,” असं सासरे यावर दर वेळी म्हणायचे. पाहुण्यांसमोर म्हणायचे. चोवीस वर्षं म्हणायचे.

तर सासूबाईंनी, म्हणजे नाझिब्रोलांनी, ठरवलं की दगडावर हा डाव कोरायचा. वर पार्मेन, खाली पट, आणि पटाखाली एक ओळ: पांढऱ्याने खेळावे आणि जिंकावे. त्या फार बोलत नाहीत. त्यांनी मासिकाचं कात्रण माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “जुंबेर, हे तू कर.” चोवीस वर्षांत या घराने मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी छाती पुढे काढून बाहेर पडलो. माझी बायको लमारा खिडकीतून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती तिच्या चेहऱ्यावर असतेच.

दगड कोरणारा वालिको हा सासूबाईंचा मावसभाऊ. हात सोन्याचा, डोकं त्याचं स्वतःचं. तो मेलेल्या माणसाला त्याच्या आवडत्या वस्तूसकट कोरतो. मागच्या वर्षी त्याने एका टॅक्सीवाल्याला टॅक्सीसकट कोरला, आणि टॅक्सीचा नंबर इतका स्वच्छ आला की वाहतूक पोलीस थांबून बघून गेला. वालिकोने कात्रणातला डाव उतरवून घेतला आणि म्हणाला की दोन महिने खूप झाले, तू फक्त ऑफिसचा कागद आण.

ऑफिस म्हणजे दफनभूमीचं ऑफिस. तिथे मेदेआ नावाच्या बाई बसतात. त्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला आणि मला एक परिपत्रक दाखवलं. कुणीतरी आपल्या काकाच्या दगडावर ‘कुस्तीतला जगज्जेता’ असं कोरलं होतं. काका आयुष्यात फक्त एकदा कुस्ती खेळला होता, तीही लग्नात, आणि ती तो हरला होता. तेव्हापासून दगडावर कुठलाही दावा करायचा तर पुरावा जोडावा लागतो.

मी म्हणालो, हा दावा नाही, बुद्धिबळ आहे. बाई म्हणाल्या, ‘जिंकावे’ लिहिलंय म्हणजे दावा आहे. मी कात्रण पुढे केलं. ते परक्या भाषेत होतं म्हणून भाषांतर करून आणा म्हणाल्या. ते आणलं तर त्यावर नोटरी हवा होता. नोटरी आणला. मेदेआबाईंनी सगळे कागद एकावर एक रचले, वर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “यावरून हे छापलं होतं एवढंच कळतं. खरं होतं हे कळत नाही. त्या काळी बरंच काही छापलं जायचं, साहेब.”

मी कागद गोळा केले. त्या काळी मीही सरकारी वर्तमानपत्रं वाचत होतो.

पुरावा कुठून आणायचा? शुकुरी म्हणाला की गोचाकडे जा. शुकुरी निवृत्त बसचालक आहे आणि अंगणातल्या प्रत्येक मेजवानीत पेला उचलून भाषण करण्याचा मान त्याचा असतो, त्यामुळे तो साधी गोष्टही उभा राहून सांगतो. गोचा पूर्वी ट्रकच्या कारखान्यात इंजिनियर होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने पासपोर्टचे फोटो काढायचं दुकान टाकलं, आणि त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा प्रोग्राम होता. शुकुरी म्हणाला, हा प्रोग्राम उस्तादांना हरवतो. त्याने सही केली की मेदेआच काय, मंत्रीसुद्धा गप्प बसेल.

मी गोचाकडे गेलो. वीज होती, ही तशी मोठीच गोष्ट, कारण त्या हिवाळ्यात आमच्या भागात वीज दिवसातून चार तास यायची आणि ते चार तास कोणते हे तिचं तिला माहीत असायचं. गोचाने डाव मांडला, बटण दाबलं. पडद्यावर आकडे धावायला लागले. सेकंदाला लाखो खेळ्या बघतो म्हणाला. मी अदबीने टोपी काढली. दहा मिनिटं झाली. प्रोग्रामने पार्मेनचा डाव उलटा केला, सुलटा केला, आणि आकडा दाखवला. शून्य. त्याच्यापुढे टिंब आणि आणखी दोन शून्यं.

“म्हणजे?” मी विचारलं.

“बरोबरी,” गोचा म्हणाला. “पांढरा जिंकत नाही.”

आता मी एक कबुली देतो. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. आमच्या शहरातल्या पांढऱ्या पुलावर मी थांबलो, खाली रिओनी नदी खळाळत होती, आणि माझ्या मनात चोवीस वर्षांच्या मेजवान्या एकामागून एक आल्या. प्रत्येक मेजवानीत तो राजा फेरा मारून आला होता आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी पाणीपुरवठा खातं होतं. अकरा वर्षं, पदक, येशूच्या वरची जागा, आणि डाव चुकलेला. मी बाजारातून चीज भरलेली गरम खाचापुरी घेतली आणि पुलावर उभ्या उभ्या अख्खी एकट्याने खाल्ली. त्या दिवशी ती मला फार चविष्ट लागली.

मी कुणाला सांगणार नव्हतो. फक्त शुकुरीला सांगितलं, कारण त्याने विचारलं. शुकुरीनेही कुणाला सांगितलं नाही, फक्त अंगणात उभा राहून स्वतःशी बोलला. तासाभरात सल्ले सुरू झाले.

पहिला सल्ला शुकुरीचाच. त्याचं म्हणणं, ओळ अर्धीच कोरायची, ‘पांढऱ्याने खेळावे’, आणि थांबायचं. पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यावं. वरच्या मजल्यावर बिद्झिना वकील राहतो, त्याने मसुदाच लिहून दिला: ‘पांढरा जिंकतो, असे दिवंगत पार्मेन यांचे म्हणणे होते.’ बागेतल्या बाकांवर बुद्धिबळ खेळणारे म्हातारे पट घेऊन आमच्या तुतीखाली येऊन बसले. त्यांच्यात तीन पक्ष पडले. एक म्हणाला प्यादं एक घर सरकवा. दुसरा म्हणाला उंट बदला. तिसऱ्या पक्षात एकच माणूस होता, आणि तो म्हणत होता की आपल्याला हे १९६८ सालीच माहीत होतं. त्याला दोन्ही पक्षांनी मिळून हाकललं.

मी मधोमध बसलो होतो. लोक मला विचारत होते, माझ्या हातात पेला देत होते. माझ्या खुर्चीकडे कुणी बघत नव्हतं. असं भाग्य घरजावयाच्या वाट्याला क्वचित येतं, आणि मी त्याचा पुरेपूर उपभोग घेत असताना माझं लक्ष वर गेलं. सासूबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

 एका म्हाताऱ्याने घाईने पट मिटला, त्यातलं एक प्यादं निसटून घरंगळत कोंबडीच्या खुराड्यापाशी गेलं, ते उचलायला कुणी उठलं नाही.

मी वर गेलो. त्या स्वयंपाकघरात मक्याचं पीठ मळत होत्या. मी काहीतरी बोलायला लागलो, मशीन आहे, मशीनचं काय एवढं, वगैरे. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, “अकरा वर्षं, जुंबेर. मला लग्नात सांगितलं होतं की रविवारी ते मला नदीवर फिरायला नेतील. एकही रविवार नेलं नाही. तिथे खिडकीशी बसून असायचे. मी म्हणायचे, असू दे, काहीतरी मोठं करतायत. पोरगी आजारी पडली तेव्हाही म्हटलं, असू दे.” त्यांनी पिठाचा गोळा थापला. “ते खोटं असेल तर मी कशासाठी गप्प बसले?”

 मला पुलावरची खाचापुरी आठवली.

“दगड कोरा ठेव,” त्या म्हणाल्या. “नाव, सालं, एवढंच. आणि ते पदक काढून ठेव.”

मी पदक काढलं. खिळा तसाच राहिला. येशू एकटाच उरला. आणि मी, पार्मेनच्या चुकीवर ज्याने एक अख्खी खाचापुरी खाल्ली तो मी, जिन्यावर बसलो आणि मला माझी भयंकर लाज वाटली. मेलेल्या माणसावर कुरघोडी करून काय मिळालं? त्या बाईचे अकरा वर्षांचे रविवार मी भर अंगणात खोटे पाडले होते, तेही वाइन पीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गोचाच्या दुकानात जाऊन बसलो. म्हटलं, तुझ्या मशीनला विचार की पांढऱ्या राजाने फिरायला गेलं तर काय होतं. गोचाने ती खेळी करून दाखवली. मशीनने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शून्य टिंब शून्य शून्य.

“बघतच नाहीये तो,” मी म्हणालो.

गोचा पहिल्यांदा गंभीर झाला. त्याने चहा मागवला आणि हा प्रोग्राम विचार कसा करतो ते मला समजावून सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत सांगतो. खेळ्या इतक्या असतात की मशीनलाही सगळ्या बघता येत नाहीत. म्हणून ते एक युक्ती करतं. ते म्हणतं, समजा मी माझी पाळी सोडून दिली, काहीच खेळलो नाही, समोरच्याला सलग दोनदा खेळू दिलं. तरीही माझं बरं चाललं असेल, तर खरोखर खेळलो तर त्याहून बरंच चालेल. मग त्या बाजूला आणखी बघायचं कशाला? फांदी कापून टाकायची. यात त्याचा पुष्कळ वेळ वाचतो, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव डावांत हे बरोबर असतं.

“म्हणजे काहीही न करण्यापेक्षा काहीतरी करणं बरं, असं ते धरून चालतं?” मी विचारलं.

“अगदी तसं.”

“आणि पार्मेनच्या डावात काहीही करणंच वाईट आहे. काळ्याला बसून राहता आलं असतं तर तो वाचला असता.”

गोचाने चहाचा पेला खाली ठेवला. मशीन काळ्याच्या वतीने मनातल्या मनात पाळी सोडून देत होतं, काळा मजेत आहे असं बघत होतं आणि फांदी कापत होतं. खऱ्या पटावर पाळी सोडता येत नाही हे त्याला तेवढ्यापुरतं आठवत नव्हतं. सेकंदाला लाखो खेळ्या बघणाऱ्या त्या यंत्राला नेमका आळस ठाऊक नव्हता. मला चोवीस वर्षांत प्रथमच पाणीपुरवठा खात्याचा अभिमान वाटला. खात्याबाहेरच्या कुणाला हे इतक्या लवकर समजलं नसतं.

ही युक्ती बंद करायची सोय होती. कुठेतरी खोलवर एक चौकोन होता, त्यातली खूण काढायची. गोचाने काढली. पण आता मशीनला प्रत्येक फांदी चढून उतरायची होती, म्हणजे आठ-दहा तास लागणार, आणि वीज चार तास. मध्येच गेली की मोजणी पहिल्यापासून. पहिल्या दिवशी ती तिसऱ्या तासाला गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी चार तास पूर्ण झाले, आकडा शून्याचाच होता, आणि गोचा म्हणाला की आता कुठे मशीन रंगात येत होतं. वर्षाचा दिवस नऊ दिवसांवर आला होता.

तेव्हा मी अंगणात उभा राहिलो, शुकुरीसारखा, आणि भाषण केलं. आयुष्यातलं पहिलंच. मी म्हणालो की पार्मेनला मीच खोटं पाडलं, आता मला जनरेटर पाहिजे. माझा आवाज मध्येच फाटला, पण त्याचा उपयोगच झाला. शुकुरी त्याच्या पुतण्याच्या बेकरीतून भाड्याचा जनरेटर घेऊन आला, बिद्झिना वकिलाने स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल नळीने काढलं आणि त्यात थोडं प्यायलाही. शनिवारी सकाळी सातला गोचाचा कॉम्प्युटर आमच्या तुतीखाली टेबलावर आला. त्याच्यावर पाऊस येऊ नये म्हणून शुकुरीच्या बायकोने जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड धरलं. पाऊस नव्हता, पण तिला काहीतरी करायचं होतं.

सगळं अंगण भोवती बसलं. म्हातारे पट घेऊन परत आले. जनरेटरचा आवाज इतका होता की कुणाला कुणाचा सल्ला ऐकू येत नव्हता, आणि त्यामुळे कामात फारसा व्यत्यय आला नाही. दुपारचं जेवण तिथेच झालं. बारा वाजता शून्य. दोन वाजता शून्य. तीन वाजता पेट्रोल संपत आलं तेव्हा वकिलाने दुसऱ्याच्या गाडीकडे बघायला सुरुवात केली. वर सासूबाईंची खिडकी बंद होती.

चार वाजून दहा मिनिटांनी आकडा हलला. शून्यावरून अर्ध्यावर आला. मग एक. मग दोन. गोचा खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. मशीनने सुचवलेली पहिली खेळी पडद्यावर बदलली: पांढरा राजा पाठ फिरवून मागे. पुढची खेळी, बाजूला. तिसरी, परत घर. पार्मेनचाच फेरा, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. आकडा नऊवर गेला. म्हाताऱ्यांपैकी एकाने टोपी काढली आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. हा तोच, ज्याला १९६८ सालापासून माहीत होतं.

मी वर धावत गेलो. सासूबाई खिडकीशी, पार्मेनच्या खुर्चीत, बसल्या होत्या. मी म्हणालो, “जिंकतो. मशीन म्हणतंय जिंकतो. चूक मशीनची होती.” त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, “पदक जागेवर लाव.” घाईत ते थोडं तिरकं लागलं.

सोमवारी मेदेआबाईंनी गोचाच्या कागदावर शिक्का मारला. शिक्का मारता मारता म्हणाल्या की त्यांना मनातून खात्री होतीच. मी तो कागद घेऊन वालिकोकडे गेलो, तेव्हा तो हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, “कशाला धावतोस? झालंय सगळं.”

मधल्या दिवसांत दगड कोरा ठेवायचा निरोप त्याला द्यायला मी विसरलो होतो, ते बरंच झालं असं मला वाटलं. दगड सुरेख होता. पार्मेन हनुवटीवर हात ठेवून बसलेले, भुवई तशीच चढलेली, आता तोंड उघडतील आणि पाणीपुरवठा खात्याबद्दल बोलतील असे. खाली पट, त्याखाली ओळ. मी मोहरी मोजली. पांढऱ्याची तीन प्यादी. काळ्याची तीन.

मी पुन्हा मोजली. मग कात्रण काढून मोजली.

“वालिको, हे प्यादं कुठून आलं?”

“ते माझ्याकडून,” वालिको लाजून म्हणाला. “हे बघ, पांढरे म्हणजे आपला पार्मेन. यजमान. काळे म्हणजे कोण? समोर येऊन बसलेला पाहुणा. मी मोजलं, यजमानाची तीन आणि पाहुण्याची दोन. मला रात्रभर चैन पडेना. पार्मेनच्या दारात पाहुण्याच्या ताटात एक कमी? हा दगड शंभर वर्षं उभा राहणार, येणारा-जाणारा काय म्हणेल? आणि बरोबरीने वाढून जिंकलं तर जिंकण्याला शोभा.”

त्याने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की मला ओरडता येईना. शिवाय तो सासूबाईंचा मावसभाऊ, आणि मी घरजावई. मी गोचाकडे गेलो, त्याने नवा डाव मांडला. या वेळी मशीनला नऊ तास लागले नाहीत, पापणी लवते न लवते तोच उत्तर आलं. पांढरा राजा फिरायला गेला की पाहुण्याचं प्यादं आरामात चालत सुटतं, ते थांबवायला जावं तर फेरा मोडतो. बरोबरी. गोचाने ती खूण घालून पाहिली, काढून पाहिली. या वेळी मशीन निर्दोष होतं.

दगड नवा मिळणार नव्हता. प्यादं खरवडलं तर खड्डा दिसेल, बुजवलं तर डाग. रविवारी वर्ष. शुकुरी म्हणाला, त्यावर फुलांचं चक्र टेकवून ठेव, पुढचं पुढे. त्याच्या सगळ्या सल्ल्यांत हा एक मी मानला.

रविवारी सगळं अंगण दफनभूमीत होतं. टेबल मांडलं, कोंबडी, चीज, मक्याच्या भाकरी, घरची वाइन. शुकुरीने पेला उचलून पार्मेनबद्दल इतकं सुंदर बोलून दाखवलं की पार्मेनना ओळखणारे लोक बुचकळ्यात पडले. मग सासूबाई पुढे आल्या. त्यांनी दगडातल्या चेहऱ्यावरून हात फिरवला, ओळ बोटाने वाचली, आणि फुलांचं चक्र उचलून बाजूला ठेवलं.

 वालिको पेला धरून माझ्या शेजारी उभा होता, आणि एवढ्या वेळात कुणीतरी त्याला खरं काय ते सांगितलं असावं, कारण तो दगड सोडून सगळीकडे बघत होता.

“अकरा वर्षं हा पट मी पुसलाय,” सासूबाई म्हणाल्या. “एकेक मोहरं उचलायचं, पुसायचं, होतं तिथे ठेवायचं. चुकलं तर घर डोक्यावर घ्यायचे. पटाच्या या घरात काही नव्हतं.” त्यांनी त्या प्याद्यावर बोट ठेवलं. “हे कुणी केलं?”

मी वालिकोकडे पाहिलं नाही. “मी,” म्हणालो. “माझी चूक झाली.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मावसभावाला न्याहाळलं. त्या बाईला काही कळायचं राहिलं असेल असं मला वाटत नाही.

“आता जिंकतो का?”

“नाही,” मी म्हणालो. “ते प्यादं आहे तोवर नाही.”

त्यांनी दगडावर तळहात टेकवला, प्याद्यावर बरोबर, आणि पुन्हा विचारलं, “आता?”

“आता जिंकतो.”

त्यांनी हात काढला. पुन्हा ठेवला. दगडातल्या पार्मेनच्या चढलेल्या भुवईकडे बघितलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

“राहू दे, वालिको, हात लावू नकोस,” त्या म्हणाल्या. “दर रविवारी मी येईन. हात ठेवीन, तेवढा वेळ जिंकतील. बाकी सहा दिवस बसू देत हनुवटीला हात लावून. अकरा वर्षं मी वाट बघितली. आता त्यांनी बघावी.”